ऑपरेशनमध्ये यकृत बाजूला कसं करतात?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं की हॉस्पिटलमधून एक कागद हातात पडतो. त्यावर दोन आठवड्यांचा आहार लिहिलेला असतो. भात नाही, पोळी नाही, साखर नाही. ठरवून दिलेली प्रथिनं, ताक, सूप आणि भाज्या. बहुतेकांना वाटतं, ऑपरेशनआधी दोन-चार किलो उतरावेत म्हणून हे सांगितलंय. काहींना वाटतं, डॉक्टर आपली जिद्द तपासून बघताहेत. खरं कारण वेगळं आहे. तो आहार मुख्यतः यकृतासाठी असतो.

यकृत म्हणजे लिव्हर. ऑपरेशन तर जठराचं, मग मध्येच यकृत कुठून आलं? ते अक्षरशः मध्येच येतं. जठरापर्यंत पोहोचायचं तर वरचं यकृत हलक्या हातानं उचलून बाजूला धरावं लागतं आणि ऑपरेशन संपेपर्यंत तसंच ठेवावं लागतं. पेशंटला हा टप्पा सहसा कोणी समजावून सांगत नाही. आपण तो पायरी-पायरीनं समजून घेऊ.

आधी पोटाचा नकाशा

आपला उजवा तळहात उजवीकडच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. त्या बरगड्यांच्या आड यकृत असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. उजवा भाग जाडजूड असतो. डावा भाग पातळ होत होत छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून डावीकडे पसरतो. या डाव्या भागाच्या खाली आणि मागे जठर, म्हणजे अन्नाची पिशवी असते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. अन्ननलिका या पडद्यातल्या फटीतून पोटात उतरते आणि जठराला मिळते. वजनाच्या ऑपरेशनमध्ये सर्वांत जोखमीची जागा या जोडाच्या आसपासची, आणि नेमकी तीच यकृताच्या डाव्या भागानं झाकलेली असते.

इथे पित्ताशयाच्या ऑपरेशनशी तुलना केली तर गोष्ट पटकन ध्यानात येईल. भारतातलं पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. त्या ऑपरेशनमध्ये यकृत उचलायला वेगळं साधन लागत नाही. पित्ताशय यकृताला चिकटलेलं असतं. त्याचं टोक चिमट्यात धरून वर ढकललं की यकृतही वर जातं. पित्ताशयच मुठीसारखं कामी येतं. यकृताच्या डाव्या भागाला अशी मूठ नाही. म्हणून वजनाच्या ऑपरेशनसाठी निरनिराळ्या युक्त्या शोधाव्या लागल्या.

यकृताला इतकं जपायचं कशासाठी?

मटणाच्या दुकानात ताजी कलेजी आपण पाहिली असेल. वर चकचकीत, पातळ पापुद्रा असतो. बोटाच्या टोकानं जरा जोर दिला की पापुद्रा फाटतो आणि बोट आत रुततं. मांसात असतात तसे चिवट धागे आत नसतात, त्यामुळे फाटायला लागलेलं धरून ठेवणारं काही नसतं. कलेजी पाहिली नसेल तर खरवसाची वडी आठवा. तिला खालून सपाट आधार दिला तर ती अख्खी उचलली जाते. टोकानं धरली तर तुटते.

माणसाचं यकृतही असंच मऊ, आणि त्यात रक्त भरपूर. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा सुमारे पाव हिस्सा यकृतातून जातो. छोटी चीर पडली तरी रक्त झिरपत राहतं आणि दुर्बिणीतून दिसणारं चित्र लाल होऊन जातं.

त्यात वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. निरोगी यकृत लालसर तपकिरी असतं आणि त्याची कड पातळ असते. चरबीचं यकृत पिवळट, फुगलेलं असतं आणि त्याची कड गोलसर, जाड होते. ते उचलायला जड आणि फाटायला सोपं असतं. अडचण इथेच सुरू होते.

पहिली पायरी: घरचे दोन आठवडे

भात-पोळीतून मिळालेली जादा साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. हे शरीराचं साखरेचं कोठार समजा. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की पहिल्या काही दिवसांतच हे कोठार रिकामं होतं आणि पाणीही जातं. पुढे यकृतातली चरबी वापरली जाऊ लागते. यकृत आकसतं, हलकं होतं, त्याची कड पातळ व्हायला लागते.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ मध्ये याबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या ३२ जणांना त्यांनी १२ आठवडे अतिशय कमी कॅलरीचा आहार दिला आणि वेळोवेळी यकृताचं आकारमान मोजलं. ते सरासरी १८.७ टक्क्यांनी घटलं. त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झालेली होती. ‘दोन आठवडे तरी पाळाच’ या आग्रहाला असा आधार आहे.

आता नेहमी चूक कुठे होते ते पाहू. पहिली चूक म्हणजे आहार सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात ‘आता पुढे खाता येणार नाही’ म्हणून रोज मेजवानी. यकृताचं कोठार त्यानं आणखी भरतं.

दुसरी चूक आपल्याकडची, आणि ती अगदी चांगल्या हेतूनं होते. ‘कमी खायचंय ना, मग उपवासच करतो’ असं म्हणून लोक साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरईचे तांदूळ आणि केळी खातात. हे जवळजवळ सगळं पिष्ट आहे. देवासाठी केलेला उपवास आणि यकृतासाठीचा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये एकादशी किंवा चतुर्थी येत असेल तर आधीच आहारतज्ज्ञांना विचारून ठेवा.

तिसरी चूक पिण्यातली. ताटात साखर नसते, पण उसाचा रस, फळांचा रस आणि दिवसातून चार वेळा गोड चहा चालू राहतो. दारू तर या काळात पूर्ण बंद हवी, कारण तिचा थेट भार यकृतावरच पडतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्याला मधुमेह असेल तर हा आहार स्वतःच्या मनानं सुरू करू नका. खाणं एकदम कमी झालं आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या पूर्वीइतक्याच राहिल्या, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. काही नव्या गोळ्या तर अशा आहाराच्या काळात बंदच ठेवाव्या लागतात. आहाराचा कागद मिळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषधांचा बदललेला डोसही लिहून घ्या.

दुसरी पायरी: टेबलावर

ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात. नंतर बेंबीच्या वरच्या बाजूला छोटं छिद्र करून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते.

मग टेबल डोक्याकडून वर आणि पायांकडून खाली तिरकं करतात. आतडी आणि त्यांच्यावरची चरबीची चादर स्वतःच्या वजनानं खाली सरकते. यकृत मात्र सरकत नाही, कारण ते पातळ बंधांनी वर श्वासपटलाला टांगलेलं असतं. ते जठरावर तसंच राहतं.

इथे एक साधी वाटणारी, पण महत्त्वाची काळजी असते. तिरक्या टेबलावरून पेशंट खाली घसरू नये म्हणून तळपायांना आधार आणि मांड्यांवर पट्टे लावलेले असतात. यकृत धरणारं साधन पुष्कळदा टेबलालाच घट्ट बसवलेलं असतं. साधन जागच्या जागी आणि शरीर खाली सरकलं, तर मधल्या यकृताला ओढ बसते. म्हणून पट्टे नीट तपासल्याशिवाय टेबल तिरकं करत नाहीत.

तिसरी पायरी: पहिली नजर

दुर्बीण आत गेली की सर्जन आधी यकृत पाहतात. रंग कसा आहे, कड पातळ आहे की जाड, डावा भाग किती लांब पसरलाय, पूर्वीच्या एखाद्या ऑपरेशनमुळे काही चिकटलंय का. चिकटलेलं असेल तर आधी ते सोडवावं लागतं. ते न पाहता उचलायला गेलं तर चिकटलेल्या जागी पापुद्रा सोलला जातो.

यकृत कशानं उचलायचं, हे या पाहणीवर ठरतं. एकच साधन सगळ्यांना योग्य असं नसतं.

चौथी पायरी: उचलायचं कसं?

सर्वांत परिचित साधन म्हणजे नाथनसन रिट्रॅक्टर. रिट्रॅक्टर म्हणजे एखादा अवयव बाजूला धरून ठेवणारं साधन. ऑस्ट्रेलियातले सर्जन लेस्ली नाथनसन यांच्या नावानं ते ओळखलं जातं. ही वाकवलेली, गुळगुळीत धातूची सळई असते. छातीच्या हाडाच्या टोकाखाली सुमारे ५ मिलिमीटरची चीर देऊन ती फिरवत फिरवत आत घालतात, यकृताच्या डाव्या भागाखाली सरकवतात आणि वर उचलतात. बाहेरचं टोक टेबलाला बसवलेल्या लोखंडी हातात अडकवतात. एकदा बसली की ती थकत नाही, थरथरत नाही.

ती बसवताना दोन चुका होऊ शकतात. एक, सळईचं टोक दुर्बिणीत दिसत नसताना पुढे ढकलणं; मग ते यकृतात किंवा श्वासपटलात टोचू शकतं. दुसरी, यकृताच्या पुरेशा रुंदीखाली ती न पोहोचणं. थालीपीठ उलथताना उलथनं अर्धंच खाली गेलं तर काय होतं, ते आपण जाणतो. आधाराची रुंदी कमी झाली की तोच जोर थोड्या जागेवर एकवटतो आणि ती जागा फाटते.

दुसरा प्रकार पंख्यासारख्या साधनाचा. मिटवलेला पंखा नळीतून आत घालतात आणि आत उघडतात. याच जातीचं आणखी एक साधन सापासारखं लवचिक असतं. ते सरळ आत जातं आणि बाहेरचा खटका फिरवला की त्रिकोणी होऊन ताठ बसतं. पंख्याच्या बाबतीत धोका मिटवताना असतो: पात्यांच्या मध्ये यकृताची कड सापडू शकते. शिवाय अशी साधनं पुष्कळदा मदतनीस डॉक्टर हातात धरून उभे असतात. तास-दीड तासानं हात भरून येतो, नजर पडद्यावर असते आणि टोक नकळत सरकतं. अनुभवी सर्जन म्हणूनच मध्येमध्ये दुर्बीण वळवून साधनाचं टोक पाहून घेतात.

तिसरा प्रकार साधा आणि कमी खर्चाचा. छातीच्या हाडाखालच्या छोट्या छिद्रातून लांब चिमटा यकृताच्या खालून पलीकडे नेतात आणि अन्ननलिकेच्या फटीजवळचा श्वासपटलाचा मजबूत भाग त्यानं पकडतात. चिमट्याच्या दांड्यावर यकृत टेकून राहतं. यकृत फार मोठं नसेल तर हे पुरतं. जड यकृताच्या भारानं दांडा वाकतो किंवा पकड सुटते.

चौथा प्रकार दोऱ्याचा. दोऱ्याचा मधला भाग फटीजवळ अडकवून दोन्ही टोकं पोटाच्या भिंतीतून दोन बाजूंना बाहेर काढतात आणि ओढून बांधतात. यकृताखाली झोळी तयार होते. वेगळी चीर द्यावी लागत नाही, त्यामुळे एकाच छिद्रातून ऑपरेशन करणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो. पण नुसता दोरा मऊ यकृतात रुततो, उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापावं तसा. म्हणून दोऱ्याभोवती मऊ रबरी नळी घालतात, म्हणजे भार पसरतो. सुई चालवतानाही फार जपावं लागतं, कारण श्वासपटलाच्या पलीकडे लगेच हृदय असतं.

पाचवा प्रकार चुंबकाचा. एक छोटी पकड यकृताच्या कडेजवळ लावतात आणि पोटाबाहेर ठेवलेला मोठा चुंबक तिला वर खेचून धरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं असं एक साधन २०१६ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मान्य केलं, आणि पुढे त्याचा उपयोग वजनाच्या ऑपरेशनमध्येही होऊ लागला. मात्र अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्यानं कमी होते, म्हणून पोटाची भिंत फार जाड असेल तर त्याचा जोर पुरत नाही. पेसमेकर बसवलेला असेल तर तो वापरत नाहीत. आपल्याला पेसमेकर असेल तर तो प्रत्येक तपासणीच्या वेळी सांगाच.

पाचवी पायरी: उचललेलं सांभाळणं

यकृत वर धरलेलं असताना त्या भागाचं रक्ताभिसरण थोडं दबतं. फार वेळ दाब राहिला तर तो भाग काळपट जांभळा दिसू लागतो. सर्जन आणि मदतनीस या रंगावर लक्ष ठेवतात. ऑपरेशन लांबलं तर मध्येच साधन सैल करून यकृताला काही मिनिटं मोकळं सोडतात. रंग परत आला की पुन्हा उचलतात. ही काही मिनिटं वाया गेलेली नसतात.

पोटातल्या वायूचा दाब अचानक उतरला तरीही जपावं लागतं. पोटाची भिंत खाली बसते, पण टेबलाला बांधलेली सळई तिथेच राहते. त्यामुळे आधी साधन सैल करायचं आणि मग वायू सोडायचा, असा क्रम असतो.

एवढं करूनही छोटी चीर पडलीच, तर बहुतेक वेळा त्यावर कापसाची जाळीदार पट्टी दाबून धरली की रक्त थांबतं. न थांबल्यास विद्युत उष्णतेनं ती जागा शेकतात किंवा रक्त गोठवणारी जाळी लावतात.

सहावी पायरी: यकृतामागचा कोपरा

एवढा खटाटोप ज्यासाठी केला, ते काम आता सुरू होतं. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरनं कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. या कापाचं वरचं टोक अन्ननलिकेच्या जोडाशेजारी संपतं. शिवण सुटून गळती झालीच, तर ती बहुतेक वेळा या वरच्या टोकाजवळच होते.

तो कोपरा नीट दिसला नाही तर दोन्ही बाजूंनी चुकतं. स्टेपलर जोडाच्या फार जवळ गेला तर गळतीचा धोका वाढतो. फार लांब राहिला तर जठराचा फुगीर भाग मागे उरतो आणि वजन पुन्हा वाढायला वाट मिळते. श्वासपटलातली फट सैल झालेली असेल, म्हणजे हायाटस हर्निया असेल, तर तोही इथेच दिसतो. तो तसाच राहिला तर पुढे छातीत जळजळ आणि आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास मागे लागतो.

बायपास ऑपरेशनमध्ये जठराच्या वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात. तीही याच कोपऱ्यात.

आणि यकृत इतकं मोठं असेल की ते सुरक्षितपणे उचलताच येत नाही तर? तेव्हा सर्जन थांबू शकतात. आणखी काही आठवडे आहार देऊन ऑपरेशन पुढे ढकलतात, आधी सोपं आणि नंतर दुसरं अशा दोन टप्प्यांत करतात, किंवा क्वचित पोट उघडून करतात. असं झालं तर वाईट वाटणं साहजिक आहे. पण न दिसणाऱ्या जागी स्टेपलर न चालवणं, हे आपल्या जिवाची काळजी घेणंच आहे.

सातवी पायरी: खाली ठेवणं

काम संपलं की साधन दुर्बिणीच्या नजरेखाली, सावकाश काढतात. यकृत जठरावर परत बसतं. सर्जन त्याची खालची बाजू पुन्हा पाहतात, कारण दाबाखाली थांबलेलं रक्त दाब सुटल्यावर वाहू शकतं. सगळं कोरडं दिसलं की वायू बाहेर सोडतात आणि छिद्रं शिवतात.

आठवी पायरी: नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसू शकतात. यकृताच्या पेशी दाबल्या गेल्या की ही द्रव्यं रक्तात उतरतात. वाढ सहसा तात्पुरती असते आणि साधारण आठवड्याभरात आकडे उतरतात. रिपोर्ट फोनवर पाहून रात्रभर जागं राहण्यापेक्षा तो डॉक्टरांना दाखवा आणि पुन्हा तपासायचा का, ते विचारा.

छातीच्या हाडाखालची जागा काही दिवस दुखते, कारण यकृत धरणारं साधन तिथून गेलेलं असतं. खांदाही दुखू शकतो. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला चुरचुरतो आणि तिथली मज्जातंतूची वाट मानेपर्यंत जात असल्यानं दुखणं खांद्यावर जाणवतं. चालण्या-फिरण्यानं ते एक-दोन दिवसांत कमी होतं.

पण नाडी शांत बसूनही मिनिटाला १२० च्या वर राहत असेल, ताप असेल, श्वास लागत असेल, पोटातलं किंवा खांद्यातलं दुखणं वाढत चाललं असेल, चक्कर येऊन अंग गार पडत असेल, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

सर्जनला काय विचारावं?

तीन प्रश्न जरूर विचारा. माझं यकृत सोनोग्राफीत कसं दिसतंय आणि मला किती आठवडे आहार लागेल? यकृत कशानं उचलणार आणि तेच का? यकृत फार मोठं निघालं तर आपण काय कराल? हे विचारण्यात संकोच नको; चांगल्या सर्जनना असा पेशंट आवडतो.

आणि हॉस्पिटलनं दिलेला तो आहाराचा कागद फाइलमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या दारावर लावा, घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. यकृत हलकं करण्याचं जे काम आपण स्वयंपाकघरात बसून करू शकता, ते टेबलावर कोणत्याही साधनाला करता येत नाही. दुर्बीण आत गेल्यावर पडद्यावर यकृताची पातळ कड दिसली, की सर्जनला कळतं, या घरात दोन आठवडे मनापासून पाळले गेलेत.